उजवीकडे वळताना

गाडी धुऊन, पुसून, टायरला काळं पॉलिश लावून दिली की ती दुरुस्त झाली, असं आमच्या सर्व्हिस सेंटरचं प्रामाणिक मत असावं. मी जेव्हा जेव्हा तिथं गाडी नेली तेव्हा तेव्हा ती मला चकचकीत होऊन परत मिळाली, आणि काही दिवसांनी पुन्हा भर रस्त्यात बंद पडली.

बंद पडायची म्हणजे नेमकं काय व्हायचं ते आधी सांगते. आम्ही हर्सूलला राहतो आणि माझी नोकरी शेंद्र्याच्या एमआयडीसीत आहे. रोज जालना रोडने जायचं. कंपनीकडे वळण्यासाठी थोडं पुढे जाऊन, दुभाजकात एक फट आहे तिथून यू-टर्न घ्यावा लागतो. पलीकडून करमाडच्या बाजूचे ट्रक आणि टँकर शहराकडे सुसाट येत असतात. जरा मोकळं दिसलं की पटकन वळायचं. त्या वळणाच्या बरोबर मध्यावर माझी गाडी मरायची. आचके नाहीत, धक्के नाहीत. मीटरवरचे आकडे एकदम गायब आणि इंजिन गप्प. मागे एखादा रिक्षावाला हॉर्नवर अंगठा दाबून बसलेला, समोरून ट्रकवाला दिवे मारतोय, आणि मी दोन्ही पाय टेकवून ते धूड ढकलत रस्त्याच्या कडेला नेतेय. कडेला आल्यावर हँडल सरळ करून बटण दाबलं की गाडी पहिल्या झटक्यात चालू. जणू काही झालंच नव्हतं.

मोटारसायकलच का घेतली, असं मला अजूनही लोक विचारतात. मुलीने स्कूटी घेतली की कुणी कारण विचारत नाही. खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याआधी मी कंपनीच्या बसने जायचे. बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारायची, कुठल्या गावच्या, पगार किती, बघताहेत का स्थळं. मला उत्तरं येत नव्हती असं नाही, पण ती द्यायची इच्छा नव्हती, आणि उत्तर न देता बसायचं कसं हे मला आजपर्यंत जमलेलं नाही. मोटारसायकलवर हेल्मेटची काच खाली केली की मला कुणी काहीही विचारू शकत नाही. घर ते कंपनी एवढा वेळ माझा स्वतःचा असतो. लांबून बघणाऱ्याला तर ही मुलगी आहे की मुलगा तेही कळत नाही. मला ते फार आवडतं.

पप्पा मूळचे सोयगावकडचे. तिथली शेती काका बघतात. पप्पा नोकरीसाठी शहरात आले आणि इथलेच झाले. गाडीला त्यांनी बऱ्याच दिवसांनी होकार दिला, पण एका अटीवर.

"गाडीला बाहेर कुणाचा हात लागू द्यायचा नाय. सगळं काम शोरूमात. कंपनीचं ते कंपनीचं असतं."

कंपनी म्हटलं की पप्पांचा आवाज देवळात गेल्यासारखा होतो. ज्यांचा शर्ट इस्त्रीचा आणि ज्यांच्या गळ्यात ओळखपत्र, ते खोटं बोलणार नाहीत, हा त्यांचा साधा हिशेब. माझाही विश्वास होताच, फक्त तो वेगळ्या गोष्टीवर होता. गाडीबरोबर मिळालेलं वॉरंटीचं इंग्रजी पुस्तक आमच्या घरात मी एकटीनेच वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. इंग्रजी शाळेतल्या माझ्यासारख्या मुलींना छापील ओळ खरी वाटते. त्यात लिहिलं होतं की बिघाड झाला तर कंपनी दुरुस्त करून देईल, फक्त बाहेरून काही बदल केलेला नको. मी तर साधं मोबाइल अडकवायचं स्टँडसुद्धा लावलं नव्हतं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवसाची मला आधीपासून धास्ती होती. शोरूममध्ये गाडीवर लाल कापड टाकून ठेवतात, ते सगळ्यांसमोर ओढायचं. मग हळद-कुंकू, मीटरच्या काचेवर स्वस्तिक, नारळ, पेढा. मग पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो. शोरूमच्याच एका माणसाने हेडलाइटला झेंडूचा जाडजूड हार बांधला. फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, स्माइल." मी किल्लीच्या आड होता येईल तेवढी झाले. तो हार इतका घट्ट बांधलेला होता की घरी येईपर्यंत एक फूल हललं नाही. चार दिवसांनी फुलं सुकली तेव्हा मम्मीने कात्रीने हार कापून काढला आणि कचऱ्यात नको म्हणून अंगणातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवला.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत तसंच झालं तेव्हा मी सर्व्हिस सेंटरला गेले. ते शोरूमच्याच मागच्या भागात आहे. पुढे काचा, एसी आणि फुगे. मागे ऑइलचा वास. मध्ये काचेच्या भिंतीआडची ग्राहकांची खोली, तिथे एक सोफा आणि आवाज बंद केलेला टीव्ही.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. टॅबवर बोटं चालवत त्याने वर न बघता विचारलं, "बोलिए मॅडम, क्या प्रॉब्लेम है?"

आमच्या शहरात काउंटरवर मुलगी जरा गप्प दिसली की समोरचा हिंदीत सुरू होतो. मी मराठीतच सांगितलं. "यू-टर्न घेताना गाडी बंद पडते. मीटरसकट."

"स्टार्टिंग प्रॉब्लेम," तो टॅबवर लिहीत म्हणाला.

"स्टार्टिंग नाही. चालू होते लगेच. वळताना बंद पडते."

"हां हां, तेच. घरी अजून कोण चालवतं? भाऊ?"

"मीच."

"फक्त तुम्हीच?" आता त्याने वर बघितलं. "मग मॅडम, क्लच लवकर सोडत असाल. स्लो स्पीडला लेडीजचं होतं तसं."

मला म्हणायचं होतं की क्लच चुकला तर गाडी आचका देते, मीटर विझत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात पूर्ण तयार होतं, मराठीत आणि इंग्रजीतही. पण मी म्हणाले, "बरं." माझं असंच होतं. उत्तर मला नंतर पार्किंगमध्ये सापडतं.

संध्याकाळी गाडी मिळाली. चकचकीत. त्याने स्वतः ट्रायल मारून दाखवली. समोरच्या सर्व्हिस रोडला सरळ गेला, रिकाम्या जागेत भलामोठा वळसा घेऊन परत आला. "मख्खन चालते, मॅडम."

दुसऱ्या वेळेस त्याने स्कॅनर लावला. "एरर दाखवत नाही. एरर नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही." मी म्हटलं, "पण बंद पडते." तो म्हणाला, "पेट्रोल कुठून भरता?" मी पंप सांगितला. "तोच तर!" तो इतक्या आनंदाने म्हणाला की क्षणभर मलाही बरं वाटलं. मी पंप बदलला. गाडीने स्वभाव बदलला नाही.

त्याच्या पुढच्या वेळेस प्लग बदलला. त्याच्या पुढच्या वेळेस, "नवीन गाडी आहे मॅडम, इंजिन सेट व्हायला वेळ लागतो." तोवर गाडी एवढी नवीनही राहिली नव्हती. मी कंपनीच्या पत्त्यावर एक लांबलचक ईमेल लिहिला. लिहिताना मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि तक्रार जवळच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवली आहे. म्हणजे त्याच्याकडेच. पुढच्या भेटीत तो जरा दुखावलेला दिसला. "मॅडम, मेल कशाला? इथं सांगायचं ना."

सगळ्यात जास्त संताप यायचा तो फोनचा. बुकिंग पप्पांनी केलं होतं म्हणून नंबर पप्पांचा. गाडी सर्व्हिसिंगहून आली की दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन यायचा, समाधानी आहात का, दहापैकी किती गुण द्याल. अ‍ॅडव्हायजरने आधीच गळ घातलेली असायची, "अंकल, दहाच द्या, नऊ दिले तरी आम्हाला वर बोलणी बसतात." आणि पप्पा सोफ्यावर सरळ बसून, शाळेत हजेरी दिल्यासारखं सांगायचे, "दहा."

"पप्पा, गाडी बंद पडते अजून."

"आगं, पोरं मेहनत करतात. कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?"

"मग दुरुस्त कोण करणार?"

"तेच करतील की. कंपनीचं काम हाय, टाइम लागतो."

एकदा कंटाळून मीच पप्पांना घेऊन हर्सूलच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले. पप्पांची जुनी स्कूटर त्याच्याच हातात म्हातारी झाली. त्याने लांबूनच हात वर केले. "वॉरंटीत हाय ना? मंग मी बोट बी लावत नाय. उद्या म्हणतील बाहेर खोललं." आणि मग सल्ला म्हणून, "तसं मला वाटतं, कार्बोरेटर साफ करावं लागंल."

"हिला कार्बोरेटर नसतो," मी म्हणाले.

"नसतो?" तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. "मंग जळतं कसं?"

अशा रीतीने ज्यांना गाडी उघडायची परवानगी होती ते ती धूत होते, आणि जो उघडू शकला असता तो हात लावत नव्हता.

मग एके दिवशी ती त्या दुभाजकाच्या फटीत बंद पडली तेव्हा एक टँकर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने मी गाडीसकट हलले. मी घरी काही सांगणार नव्हते. पण आमच्याच कॉलनीतला एकजण त्या रस्त्याला होता, आणि संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्या दिवशी काका सोयगावहून आलेले होते. चहा पिता पिता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरीला गाडी घेतली का गाडीला पोरगी?" ते म्हणाले. "जवा बघावं तवा ही तिला घेऊन दवाखान्यात. आरं, बसनं जात व्हती, काय वाईट व्हतं? गाडी दे माझ्याकडं. पोरगा चालवील, शेतात जायला लई कामाची. तिकडं कुठं आलाय दुभाजक!"

पोरगा म्हणजे माझा चुलतभाऊ. गाडी घ्यायच्या वेळेस सगळ्यात जास्त हसला होता तो.

मम्मी म्हणाली, "भाऊजी, तिची आवडीची गाडी हाय."

"आवड ठीक हाय वहिनी, पण टँकरला आवडनिवड कळत नाय."

पप्पांनी कप खाली ठेवला आणि ते माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "या वेळेस नीट नाय झाली तर देऊन टाकू. पुढच्या रविवारी घेऊन जा तू."

मी खोलीत गेले. मला बस दिसायला लागली. खिडकीकडची जागा आधीच गेलेली, शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेली बाई, आणि "अगं, गाडी विकली का?" हा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी धुवायला काढली. द्यायचीच असेल तर स्वच्छ द्यावी असं काहीतरी डोक्यात असेल. मीटरवरचे डाग दिसावेत म्हणून किल्ली चालू ठेवली होती. मीटरच्या मागे फडकं घालायला मी हँडल उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत वळवलं. मीटर विझला.

मी हँडल सरळ केलं. मीटर लागला.

परत उजवीकडे. विझला. डावीकडे वळवलं तर काही नाही. उजवीकडे अर्ध्यापर्यंत काही नाही. पूर्ण नेलं की विझला. मी ओल्या फडक्यासकट अंगणात उभी राहून कितीतरी वेळ हेच करत होते. मम्मी दारातून म्हणाली, "खेळतीस का धुतीस?"

क्लच नाही, पेट्रोल नाही, प्लग नाही. यू-टर्न म्हणजे उजवीकडे पूर्ण वळलेलं हँडल, एवढंच. तो ट्रायलला जायचा तेव्हा ऐसपैस वळसा घ्यायचा, त्याचं हँडल कधी शेवटपर्यंत जायचंच नाही. आणि मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, वळताना. मला आनंद व्हायला हवा होता, पण राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी मी रजा टाकली आणि शोरूम उघडायच्या वेळेला दारात होते. अ‍ॅडव्हायजरला मी बोलू दिलं नाही. म्हणजे मी काही बोललेही नाही. मी किल्ली चालू केली आणि हँडल वळवलं. मीटर विझला. सरळ केलं. लागला. तो दोन-तीन वेळा स्वतः करून बघत राहिला.

"हे तुम्ही आधी नाही सांगितलं, मॅडम."

मी काचेआडच्या सोफ्यावर जाऊन बसले. मेकॅनिकने हेडलाइट उतरवली, आत बघितलं, अ‍ॅडव्हायजरला बोलावलं. दोघं वाकले. मग अ‍ॅडव्हायजर माझ्याकडे चालत आला, आणि त्याची चाल बघूनच मला कळलं की काहीतरी माझ्या विरोधात सापडलंय. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच खूश दिसत होता.

त्याच्या तळहातावर बारीक लोखंडी तारेचं एक वेटोळं होतं. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात तसली तार.

"बघा मॅडम. मागं वायरिंगच्या बंचला ही आवळलेली होती. हँडल वळलं की मेन वायर ताणली जायची. आतून तुटत आलीय. आता पूर्ण वायरिंग बदलावं लागंल, आणि हे वॉरंटीत बसणार नाही. बाहेरचं काम आहे हे."

"मी बाहेर काहीच केलेलं नाही."

"मॅडम, ही तार कंपनीची नाही ना. हॉर्न, फॉग लाइट, काहीतरी लावून घेतलं असेल. घरच्यांनी केलं असेल, तुम्हाला माहीत नसेल. अंकलला विचारू का फोन करून?"

पप्पांना फोन गेला असता तर संपलंच होतं. पप्पांनी इस्त्रीच्या शर्टावर विश्वास ठेवला असता. मी म्हणाले, "थांबा," आणि केवळ वेळ काढायला म्हणून ती तार हातात घेतली. गंजलेली होती. पिळाच्या जागी तिला काहीतरी चिकटलेलं होतं. मी नखाने काढलं. तपकिरी, पापुद्र्यासारखं, कडेला अजून जरासं केशरी. झेंडूची पाकळी.

नेमक्या तेव्हाच पुढच्या बाजूने टाळ्या ऐकू आल्या. शोरूममध्ये कुणाची तरी नवी गाडी निघत होती.

मी तार मुठीत घेऊन मधल्या दारातून पुढे गेले. अ‍ॅडव्हायजर मागून, "मॅडम, मॅडम" करत. पुढे एक कुटुंब उभं होतं. नवरा, बायको, तिच्या कडेवर बाळ, आणि नऊवारीतली सासू, हातात नारळ घेऊन. लाल कापड ओढून झालेलं. शोरूमचा माणूस हेडलाइटला हार बांधत होता. हार दोऱ्यात ओवलेला होता, पण बांधायला त्याने खिशातून तारेचा तुकडा काढला, हेडलाइटच्या मागून फिरवला आणि पक्कडीने पीळ द्यायला लागला.

"थांबा," मी म्हणाले.

कुणालाच ऐकू आलं नाही. माझा आवाजच तसा आहे. आणि पूजा चालली असताना परक्या माणसांना थांबवायचं म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं. मागे वळून सोफ्यावर जाऊन बसावं असं फार वाटलं. मग मला बसमधली ती बाई आठवली.

"थांबा!"

आता सगळेच वळले. बाळसुद्धा.

सासूबाई नारळ छातीशी धरून म्हणाल्या, "काय गं बाई? नारळ फोडायच्या टायमाला आडवी आलीस?"

"ती तार," मी म्हणाले. "तारेने बांधू नका. माझ्या गाडीला अशीच बांधली होती. हार काढला, तार आत राहिली. तिच्यामुळे वायर तुटली. रस्त्यात वळताना गाडी बंद पडायची. टँकरसमोर." वाक्यं तुटक येत होती, पण येत होती. मी मूठ उघडून दाखवली.

अ‍ॅडव्हायजर खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हे इथं नको. केबिनमध्ये बसून बोलू."

"इथंच बोला की," गाडी घेणारा नवरा म्हणाला. त्याने माझ्या हातातली तार घेऊन पक्कडवाल्याच्या हातातल्या तारेशेजारी धरली. "सेमच आहे. म्हणजे आमची गाडी पण अशीच बंद पडणार?"

"नाही नाही सर, असं काही—"

"मग ह्या म्हणतात ते काय?" नवऱ्याने विचारलं.

सगळे हार बांधणाऱ्याकडे बघायला लागले. तो बिचारा गोंधळला. "मला कशाला बघता? दोऱ्यानं हार सरकतो, फोटोत वाकडा दिसतो, म्हणून साहेबच म्हणले तारेनं आवळत जा. मी सगळ्याच गाड्यांना तसंच बांधतो."

सगळ्याच. अ‍ॅडव्हायजरने डोळे मिटून घेतले. भिंतीवर समाधानी ग्राहकांचे फोटो ओळीने लावलेले होते, सगळ्यांच्या हातात तीच पुठ्ठ्याची किल्ली, सगळ्यांचे हार अगदी सरळ. वरच्या ओळीत मीही होते, किल्लीच्या आड.

"दोऱ्यानं बांध रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "सरकला तर सरकू दे. देवाला वाकडा हार चालतो." मग माझ्याकडे वळून, "आन तू गं, येवढं तोंड हाय तर आधीच बोलायचं ना."

माझ्याबद्दल असं याआधी कुणी म्हटलेलं नव्हतं.

मग मॅनेजर आले. केबिन झाली, पाणी झालं, चहा झाला. चूक झाली, हे शब्द त्या केबिनमध्ये कुणाच्याही तोंडून आले नाहीत. मॅनेजर म्हणाले, "वॉरंटीत हे बसत नाही मॅडम, पण तुम्ही आमच्या कस्टमर आहात म्हणून आम्ही हे गुडविलमध्ये करून देतो." मी इंग्रजी शाळेत शिकले आहे, गुडविल म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी म्हणाले, "गुडविल म्हणा नाहीतर काहीही म्हणा. मला शनिवारी गाडी पाहिजे." त्यांनी मान हलवली. संध्याकाळी मी हे सगळं पप्पांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बघ, पैसे न घेता करून देतात. चांगली माणसं हायेत."

शनिवारी वायरिंग आलेलं होतं, बसवलेलंही होतं. मी किल्ली लावून हँडल उजवीकडे शेवटपर्यंत नेलं. मीटर लागलेलाच राहिला. डावीकडे, पुन्हा उजवीकडे. लागलेलाच. गाडी अर्थातच धुतलेली, टायर काळे कुळकुळीत. आणि हेडलाइटला झेंडूचा नवा कोरा हार.

"आमच्याकडून," अ‍ॅडव्हायजर म्हणाला. "एक फोटो घेऊ का, मॅडम?"

मी खाली वाकून हेडलाइटच्या मागे बोट घातलं. बोटाला गार, टोकदार काहीतरी लागलं. मी सरळ उभी राहिले. त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं. तो फोन हातात घेऊन फोटोसाठी तयार उभा होता. एवढं सगळं होऊन!

"पक्कड द्या," मी म्हणाले.

"मॅडम, मी सांगतो त्याला, तो काढून—"

"पक्कड द्या."

पीळ सोडवायला वेळ लागला. फुलं त्यांच्या चकचकीत फरशीवर सांडली. तार मी खिशात घातली, कारण ती तिथे ठेवली असती तर पुढच्या गाडीला लागली असती.

रविवारी काका आले ते एसटीने, कारण परत जायला माझी गाडी मिळणार होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी किल्ली मागितली. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "काका, बसा मागे."

"मी? तुझ्या मागं?"

"स्टँडवर सोडते. वाटेत बघा, बंद पडते का."

मम्मी तोंडाला पदर लावून आत गेली. काकांनी इकडेतिकडे बघितलं, गल्लीत कुणी नाही हे पाहिलं आणि बसले. हर्सूल टी-पॉइंटच्या पुढे मी मुद्दाम पहिल्याच दुभाजकाच्या फटीतून गाडी वळवली, मग पुढच्या फटीतून पुन्हा, हँडल अगदी शेवटपर्यंत नेऊन. मग आणखी एकदा. मागून काकांचे हात माझ्या बॅगेला घट्ट.

"आगं, स्टँड सरळ हाय!" ते ओरडले.

"माहितेय," मी काचेआडून म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं.

सिडको स्टँडला मी हेल्मेटची काच वर केली. उतरल्यावर काकांनी टोपी नीट केली, गाडीकडे एकदा बघितलं. "बरी चालती की," ते म्हणाले. "शोरूमवाल्यांनी चांगलं काम केलं, नाय?"

मी काच खाली केली आणि गाडी वळवली.